भिंगबाईंच्या नातीला दोन सुया

माझ्या सासूबाईंचा आयुष्यात एकाच गोष्टीवर विश्वास होता, ती म्हणजे कपड्याची उलटी बाजू. सुलट बाजू सगळेच नीट शिवतात, त्या म्हणायच्या. आत बघा, मग कळतं कोण किती पाण्यात आहे. तयार शर्टांच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला, पण शिवण्यात नाही, तपासण्यात. शिलाईच्या लाइनच्या टोकाला एक पांढरं टेबल, डोक्यावर ट्यूबलाइट, हातात धागे कापायची चिमुकली कात्री आणि मनगटावर लाल बाणांच्या स्टिकरचं रीळ, असा त्यांचा संसार. शर्ट आला की कॉलर ओढून बघायची, काजात बोट घालायचं, मग झटक्यात शर्ट उलटा करून बगलेची शिवण दोन्ही हातांनी ताणायची. टाका सुटलेला दिसला की तिथे एक बाण. बाण लागलेला पीस 'अल्टर'च्या ढिगात, म्हणजे दुरुस्तीला.

कारखान्यात त्यांना सगळे 'भिंग' म्हणायचे. तोंडावर भिंगबाई. त्यांना ते आवडायचं, असा मला संशय आहे.

त्या टेबलाचा नियम असा होता की पीस दोनदा बघायचा, काही सापडलं नाही तर पुढे द्यायचा. सासूबाई तिसऱ्यांदा बघायच्या. सुपरवायझर कपाळाला हात लावून म्हणायचा, "भिंगबाई, शर्ट आहे तो, चोर नाही." त्यावर या म्हणायच्या, "चोर असता तर एव्हाना कबूल झाला असता."

मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी विरघळले. नंतर नवऱ्याने सांगितलं की त्या हाताने त्यांनी माझ्या बाहीची कड उलटून पाहिली होती. निकालही दिला होता, "मुलगी बरी आहे, पण घाईची." ती बाही मीच शिवलेली होती आणि घाईत शिवली होती.

लग्न होऊन घरात आले आणि कळलं की टेबल फक्त कारखान्यात नाही. दूध वासाने, अंडी उजेडात धरून, औषधाची गोळी वेष्टनावरची तारीख दोनदा वाचून. शेजारीण आपणहून काही द्यायला आली की ती गेल्यावर, "हिला आपल्याकडून काय हवंय?" या सगळ्याला मी हसत होते. एक गोष्ट मात्र पहिल्याच संध्याकाळी पाहिली आणि हसू की रडू ते कळेना. माझा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, चांगला उंच माणूस आहे. तो कामावरून आला, दारात थांबला, मान खाली वाकवली आणि आईच्या तोंडासमोर "हाऽ" केलं. त्यांनी नाक पुढे करून वास घेतला आणि बाजूला झाल्या. मग तो आत आला, चपला काढल्या, पाणी प्यायला. मला आधी वाटलं, दात दुखत असेल.

"दारूचा वास बघते," तो सहज म्हणाला. "बाबांचापण घ्यायची. सवय आहे."

सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. ते रंगारी होते, लोकांच्या घरांच्या भिंती रंगवायचे. आमच्या लग्नाच्या खूप आधी गेले. पोट पाण्याने टम्म फुगलं, डोळे पिवळे झाले, हातापायांच्या काड्या झाल्या. अशा माणसाकडे बघून गल्लीने जो निकाल द्यायचा तो दिला, "पीत असणार." सासूबाईंना तर तो आधीपासूनच माहीत होता. रंगाऱ्यांच्या टोळ्या संध्याकाळी कुठे जातात ते काय कुणाला कळत नाही? म्हणून त्या नवऱ्याला रोज दारात उभं करायच्या.

"मग यायचा वास?" मी एकदा विचारलं.

"कधीच नाही," त्या म्हणाल्या आणि डोळे बारीक केले. "टर्पेंटाइनचा यायचा. त्याच्याखाली काहीही लपवता येतं. बघ म्हणजे, किती पोहोचलेला माणूस!"

मी हसले. तेव्हा ते मला विनोदीच वाटलं होतं.

मग मला दिवस गेले. दवाखान्यात सगळ्यांच्या होतात तशा माझ्या रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि पुढच्या खेपेला लसवाल्या सिस्टरने मला एकटीला आतल्या खोलीत बोलावलं. तिने दार लावलं. बाई धिप्पाड, आवाज मात्र मऊ. ती म्हणाली, तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे. कावीळच, पण वेगळी. आत दडून बसणारी. तुम्हाला काही त्रास नाही, आत्ता गोळ्यांचीही गरज नाही. पण बाळ बाहेर येतं तेव्हा आईच्या रक्तातून ती बाळाला लागू शकते. मोठ्या माणसाला लागली तर बहुतेकांची निघून जाते. तान्ह्याला लागली तर बहुतेक वेळा जन्मभर मुक्काम ठोकते आणि पुढे कधीतरी यकृत पोखरते. बाळ जन्मलं की लगेच, पहिल्या काही तासांत, त्याला दोन सुया द्यायच्या. एक लशीची, दुसरी तयार प्रतिपिंडांची. मग ठरल्याप्रमाणे लशीचे पुढचे डोस. "तेवढं केलं की बाळ बहुतेक सुटतं," ती म्हणाली. "नवऱ्यालाही तपासायला आणा. घरातल्या सगळ्यांनाच."

नवऱ्याला मी त्याच दिवशी सांगितलं. तो ऐकत होता आणि मध्येच त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. फक्त एकदाच. पापणी लवायच्या आत नजर वळवली, पण मी भिंगबाईंची सून. मी ती नजर पकडली. 'हिला कुठून आली?' असं त्या नजरेत स्वच्छ होतं. आणि खरं सांगायचं तर मीही त्याच्याकडे तसंच बघत होते. माणूस दिवसभर कुठल्या कुठल्या इमारतींत हिंडतो, मला काय माहीत?

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला. "घर उलटं करून बघेल."

तपासायला चल म्हटलं की आज काम, उद्या काम. मला काय झालंय, धडधाकट आहे, वगैरे. मला त्याचा आणखी संशय यायला लागला. आमच्या घरात बाकी कशाची टंचाई असेल, संशयाची कधीच नव्हती.

मुलगी झाली ती सकाळी, उन्हं वर आल्यावर. नवरा कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला, फोन लागत नव्हता. सोबत सासूबाई. वॉर्डात खिडकीशी माझी खाट, शेजारच्या खाटेवर एक शाळामास्तरीण आणि तिचं तासाभरापूर्वीचं बाळ. सासूबाईंनी नात हातात घेतली आणि मी जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. त्या चक्क हसल्या. "ठकू आहे ठकू," म्हणाल्या आणि ठकू नाव पडलंच.

मग लसवाली सिस्टर ट्रे घेऊन आली. आधी मास्तरणीच्या बाळाकडे गेली. एक सुई. बाळ रडलं, थांबलं. मग आमच्याकडे. ट्रेमध्ये दोन बाटल्या, दोन सिरिंज. सासूबाईंनी ठकूला छातीशी धरलं आणि एक पाऊल मागे सरकल्या.

"त्या बाळाला एक. आमच्या बाळाला दोन का?"

"डॉक्टरांनी दोन सांगितल्यात, आजी."

"सांगितल्यात ते दिसतंय मला. का सांगितल्यात?"

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. सासूबाईंनी आम्हा दोघींकडे बघितलं आणि तिथेच सगळं फिसकटलं.

सासूबाईंच्या टेबलाचा हिशोब सोपा होता. एका लाइनवरून आलेला माल सगळा सारखा. शेजारचा पीस नमुना धरायचा आणि आपला त्याच्याशी ताडून बघायचा. एखाद्या पिसावर जास्तीचं काम चाललेलं दिसलं तर त्याचा अर्थ एकच, तो अल्टरचा आहे. चांगल्या शर्टाला कुणी उगीच दुसऱ्यांदा सुई लावत नाही.

"हिच्यात काहीतरी बिघडलंय," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मला सांगत नाही आहात."

त्यांनी ठकूला माझ्या पायाशी खाटेवर ठेवलं, दुपटं उघडलं आणि तपासायला सुरुवात केली. हाताची बोटं, पायाची बोटं, कानाच्या पाळ्या, टाळू. उलटं करून पाठीचा कणा वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपला. मास्तरीण आपल्या बाळाला कुशीत ओढून डोळे विस्फारून बघत होती. ठकूने आजीच्या मनगटावर शू केली, तरी बाईंचं लक्ष नाही. काही सापडलं नाही. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. पुन्हा काही नाही. सापडलं असतं तर त्या एकवेळ शांत झाल्या असत्या. काहीच सापडेना तशा त्या जास्त घाबरल्या.

"कारण कळल्याशिवाय सुई नाही," म्हणाल्या, ठकूला गुंडाळलं आणि तडक बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या.

सिस्टरने ट्रे खाली ठेवला आणि माझ्या कानाशी वाकली. "मी सांगू शकत नाही. ते तुमचं आहे. बाळ तुमचं, होकार तुमचा, म्हटलं तर मी माणसं बोलावून बाळ घेऊन येते. पण हातघाई होईल. आणि हे लांबवता यायचं नाही. जितका उशीर तितका उपयोग कमी."

मी पडून होते आणि डोक्यात नको नको ते येत होतं. सांगितलं तर ही बाई मला जन्मभर अल्टरच्या ढिगात ठेवणार. नाही सांगितलं तर ती जन्मभराची कावीळ ठकूला. मला भयंकर राग आला. सासूबाईंचा, नवऱ्याचा, त्याच्या लिफ्टचा. रागानेच मी उठले. सिस्टर नको नको म्हणत असताना भिंत धरून व्हरांड्यापर्यंत गेले.

"आई, दोष बाळात नाही. माझ्यात आहे."

त्यांनी वर बघितलं.

"माझ्या रक्तात कावीळ आहे. तिला लागू नये म्हणून दुसरी सुई. मास्तरणीला नाही, म्हणून तिच्या बाळाला एकच."

त्या उठल्या, एका हाताने ठकूला सांभाळत दुसऱ्या हाताने माझी खालची पापणी ओढून बघितली. "पिवळी नाहीस तू."

"बाहेरून दिसत नाही ती. आत असते."

हे मात्र त्यांना एका क्षणात पटलं. बाहेरून न दिसणाऱ्या दोषावर त्यांनी आयुष्य काढलं होतं.

"कुठून आली?"

"माहीत नाही."

"त्याला माहीत आहे?"

"सांगितलंय मी त्याला. केव्हाच."

"म्हणजे मलाच तेवढं नाही," त्या म्हणाल्या. ठकूला घेऊन आत आल्या आणि सिस्टरसमोर उभ्या राहिल्या. दोन्ही बाटल्यांवरच्या तारखा वाचल्या. सिरिंजची पाकिटं समोर फाडायला लावली. सिस्टरने ते सगळं करू दिलं, त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. एक सुई उजव्या मांडीत, एक डाव्या. ठकूने आकाशपाताळ एक केलं. सासूबाईंनी तिची इवलीशी टाच मुठीत धरली होती.

बाळ संशयातून सुटलं, पण लाल बाण मला लागला.

घरी आल्यावर माझा कप वेगळा, ताट वेगळं, टॉवेल वेगळ्या खुंटीला. सिस्टरने बजावून सांगितलं होतं की ही कावीळ एकत्र जेवण्याने, कपाने, जवळ घेण्याने लागत नाही. अंगावर पाजायलाही हरकत नाही. सासूबाई म्हणाल्या, "सिस्टरचं काय जातंय? तिला कुठे आपल्या घरात राहायचंय?" मग चौकशी सुरू झाली. कान कुणी टोचले? दात कुठे काढला होता? लग्नाआधी कुठे कामाला होतीस, तिथे कोण कोण होतं? तुझी आई कशाने गेली? माझी आई मी शाळेत असताना गेली, कशाने ते मलाच कुणी धड सांगितलं नव्हतं. तेही त्यांना संशयास्पद वाटलं. एकदा मी आंघोळीहून आले तर माझं कपाट नीट लावलेलं, आणि प्रत्येक कपडा उलटा. घडी मात्र सुरेख.

तेव्हा माझा तोल गेला. "काय सापडलं?" मी ओरडले. "कुठल्या खिशात सापडली माझी कावीळ?"

"अजून नाही सापडली," त्या थंडपणे म्हणाल्या.

नवरा भिंतीकडे तोंड करून मोबाइलमध्ये बघत बसला होता. मला वाटलं, दोघांनाही एकेक बाण चिकटवावा.

"मग तुम्हीही तपासून घ्या," मी म्हटलं. "सिस्टरने सगळ्यांना सांगितलंय. घाबरता कशाला?"

"घाबरतंय कोण? माझं घर स्वच्छ आहे हे एकदा कळू दे, मग तुझ्या प्रश्नाला बसू." असं म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी मुलाला, ज्याला मला महिनोन्‌महिने हलवता आलं नव्हतं, अक्षरशः बखोट धरून नेलं. दोघांनी रक्त दिलं.

निकाल ऐकायला आम्ही सगळे गेलो तो ठकूच्या पुढच्या डोसाचा दिवस होता. तीच आतली खोली. एक टेबल, लशींचा फ्रिज, घरघरणारा पंखा. सिस्टरने दार लावलं आणि मला पुढचं कळलंच.

"तुमच्या मुलाला आहे," ती सासूबाईंना म्हणाली. "आणि आजी, तुम्हालाही आहे."

"पुन्हा बघा."

"दोनदा बघितलंय."

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "मग हिने दिली आम्हाला."

"नाही आजी. तुमच्या मुलाच्या रक्तातून यकृताची जी झीज दिसतेय ती वर्षानुवर्षांची आहे, लग्नाच्या फार आधीची. बहुतेक जन्मापासूनची. तो जन्मला तेव्हा तुमच्याकडून त्याला गेली असणार. तेव्हा अशी सुई नव्हती. त्यात तुमची काही चूक नाही, कुणाचीच नाही. सूनबाईंना त्याच्याकडून आली असेल, किंवा त्यांच्या आईकडून. ते आता सांगता येणार नाही. शोधत बसू नका."

शोधत बसू नका! हे कुणाला सांगत होती ती!

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, यावेळी नजर वळवली नाही. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मला त्याची फक्त काळजी वाटली. त्याला रोजच्या गोळ्या सुरू करायच्या होत्या, डॉक्टर समजावणार होते. मी त्याचा हात धरला. सासूबाई मात्र फ्रिजकडे बघत होत्या.

"मला कुठून आली?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या आईकडून असेल. कुठल्या जुन्या सुईतून असेल. नवऱ्याकडूनही असेल."

मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "त्यांचं पोट फुगलं होतं. पाण्याने. डोळे पिवळे झाले होते."

"दारू प्यायचे का?"

"लोक म्हणायचे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला कधी वास आला नाही."

सिस्टर सावकाश म्हणाली, "या काविळीने यकृत गेलं तरी पोट असंच फुगतं, आजी. दारूचा थेंब न पिताही. पण आता त्यांना तपासता येणार नाही. खात्रीने सांगणं कुणालाच शक्य नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा कप सगळ्या कपांबरोबर खुंटीला होता. माफी वगैरे काही नाही. कपाट मीच पुन्हा सुलट केलं. मला आत कुठेतरी गंमतही वाटत होती, की आता घरात सगळेच अल्टरचे. पण सासूबाईंचा चेहरा बघितला की ती गंमत तिथेच विरायची.

आता सगळं ठकूवर येऊन ठेपलं. लशीचे सगळे डोस झाल्यावर, वर्षाची व्हायच्या सुमारास तिचं रक्त तपासायचं होतं. सुया लागू पडल्या की नाही ते तेव्हाच कळणार. सासूबाईंची खात्री होती की नाही पडणार. "आजीत आहे, बापात आहे, आईत आहे, हिच्यातच कशी नसेल?" व्हरांड्यात आपण घालवलेला वेळ त्यांना खात होता, हे त्या बोलल्या नाहीत पण मला दिसत होतं. प्रत्येक डोसाला त्या फ्रिजच्या दारावरचं तापमान वाचायच्या. मध्ये वीज गेली होती का? फ्रिज नीट लागतो का? शेवटी सिस्टरच त्यांना फ्रिज उघडून दाखवायला लागली. ठकूला थोडी सर्दी झाली की या तिला खिडकीत नेऊन पापणी ओढून बघायच्या. ठकूला तो खेळच वाटायचा. ती स्वतः होऊन पापणी ओढून दाखवायला लागली. मी हसायचे. मग रात्री तिला थोपटताना मीही तिच्या डोळ्यांत बघायचे.

निकालाच्या दिवशी आम्ही दोघीच गेलो. ठकू सासूबाईंच्या कडेवर, त्यांच्या कानातलं ओढत. सिस्टर दारातूनच हसली, पण हसण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या आम्ही नव्हतो.

"नाहीये," ती म्हणाली. "कावीळ नाही, आणि संरक्षण भरपूर आलंय. सुटली तुमची ठकू."

मला तिथेच रडू फुटलं.

"पुन्हा बघा," सासूबाई म्हणाल्या.

"दोनदा बघितलंय, आजी."

मी वाट बघत होते की आता तिसऱ्यांदा बघायला लावतील. त्यांनी ठकूच्या दोन्ही मांड्यांवरून एकेकदा अंगठा फिरवला, जिथे कधीचीच काही खूण उरली नव्हती, आणि म्हणाल्या, "बरं."

संध्याकाळी नवरा आला. बातमी त्याला फोनवर कळलेली, तोंडभर हसू. तरी सवयीने दारात थांबला, मान वाकवली आणि "हाऽ" केलं. सासूबाईंनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि वर उचललं. "जा आत," म्हणाल्या. तो गोंधळून तसाच उभा राहिला. "जा म्हणते ना."

मग त्या खाली बसून ठकूच्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या. मी शेजारी बसले. त्या झबली उलटी करून बघत नव्हत्या, तशाच घड्या घालत होत्या. हातातल्या झबल्याकडे बघतच म्हणाल्या, "टेबलावर नियम आहे. दोनदा बघून काही सापडलं नाही तर पीस पुढे द्यायचा. त्यांना मी रोज दारात उभं केलं. इतकी वर्षं. एकदाही वास आला नाही गं. एकदाही."

"तुम्हाला कुठे माहीत होतं, आई," असं काहीतरी मी म्हणाले.

"शेवटच्या दिवशी त्यांना बोलताही येत नव्हतं. मी खाटेवर वाकले, अगदी तोंडाजवळ. सगळे बाजूला झाले. लोकांना वाटलं, बायको आहे, काही सांगायचं असेल." त्यांनी झबलं गुडघ्यावर ठेवलं. "यांना मात्र तसं वाटलं नसावं. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं आणि 'हाऽ' केलं. आणि मी वास घेतला."